खाद्यतेलाच्या आकारमानाचे वजनात रूपांतर

खाद्यतेलाच्या आकारमानाचे वजनात रूपांतर म्हणजे लिटर किंवा मिलिलिटर या एककांत मोजलेले तेल किलोग्रॅम किंवा ग्रॅममध्ये किती भरते, हे तेलाच्या घनतेच्या आधारे काढण्याची रीत होय. पाण्याच्या बाबतीत एक लिटर आणि एक किलोग्रॅम ही दोन्ही परिमाणे जवळजवळ समान असतात. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ही समानता तेलाला लागू पडत नाही. नेहमीच्या तापमानाला एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारणतः ९१० ते ९२० ग्रॅम असते. उलटपक्षी एक किलोग्रॅम तेलाचे आकारमान सुमारे १.१ लिटर भरते. लिटर आणि किलो हे शब्द एकमेकांच्या जागी वापरल्यास हिशेबात सुमारे नऊ टक्क्यांची चूक होते. किराणा खरेदी, शालेय पोषण आहार, पाककृती, आहारशास्त्र, आवेष्टित वस्तूंचे कायदे आणि तेलाचा घाऊक व्यापार या सर्व ठिकाणी हे रूपांतर उपयोगी पडते.

## मूलभूत संकल्पना

पदार्थाने व्यापलेल्या जागेस आकारमान म्हणतात, तर पदार्थातील द्रव्यसंचयास वस्तुमान म्हणतात. भौतिकशास्त्रात वजन ही गुरुत्वीय बलाची राशी असून ती वस्तुमानाहून वेगळी आहे. तथापि व्यवहारात किलोग्रॅममधील वस्तुमानासच वजन म्हणण्याचा प्रघात आहे आणि या लेखातही तोच अर्थ घेतला आहे.

एकक आकारमानातील वस्तुमान म्हणजे घनता. त्यावरून पुढील दोन सूत्रे मिळतात :

* वस्तुमान = आकारमान × घनता
* आकारमान = वस्तुमान ÷ घनता

पदार्थाची घनता आणि पाण्याची घनता यांच्या गुणोत्तरास सापेक्ष घनता म्हणतात. हे गुणोत्तर असल्यामुळे त्याला एकक नसते. २० °से. तापमानाला पाण्याची घनता दर मिलिलिटरला ०.९९८ ग्रॅम असते. म्हणून त्या तापमानाच्या पाण्याशी तुलना करून काढलेली तेलाची सापेक्ष घनता ०.९१५ असेल, तर त्याची प्रत्यक्ष घनता दर मिलिलिटरला सुमारे ०.९१३ ग्रॅम ठरते. घरगुती हिशेबात हा फरक दुर्लक्षणीय असतो. टँकर किंवा जहाजातील तेलाचा हिशेब करताना मात्र तो विचारात घ्यावा लागतो.

दैनंदिन व्यवहारासाठी ०.९१ हा गुणक सोयीचा आहे. एक लिटर तेलाच्या पिशव्यांवर ९१० ग्रॅम असे वजन छापलेले आढळते, ते याच गुणकानुसार असते.

## तेल पाण्यापेक्षा हलके असण्याचे कारण

खाद्यतेले प्रामुख्याने ट्रायग्लिसराइड या संयुगांची बनलेली असतात. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडल्या गेल्या म्हणजे ट्रायग्लिसराइडचा रेणू तयार होतो. या साखळ्यांत कार्बन आणि हायड्रोजन यांचे अणू बहुसंख्य असतात. पाण्याचे लहान रेणू हायड्रोजन बंधांमुळे परस्परांच्या निकट राहतात. तेलाच्या लांब साखळ्या तितक्या दाटीने एकत्र बसत नाहीत. त्यामुळे तेवढ्याच जागेत तेलाचे वस्तुमान कमी भरते आणि तेल पाण्यावर तरंगते. समईत किंवा काचेच्या पेल्यात तळाशी पाणी घालून त्यावर तेल ओतण्याची आणि वर वात पेटवण्याची रूढ पद्धत याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

मेदाम्लांचा प्रकार बदलला की घनताही किंचित बदलते. असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक असलेली करडई, सूर्यफूल व सोयाबीन यांची तेले शेंगदाणा तेलापेक्षा थोडी जड असतात. हा फरक एक लिटरमागे सामान्यतः पाच ते दहा ग्रॅम इतकाच असतो.

## निरनिराळ्या तेलांची घनता

कोडेक्स ॲलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संहितेतील वनस्पती तेलांच्या मानकात (१९९९) प्रत्येक तेलाच्या सापेक्ष घनतेची मर्यादा दिलेली आहे. भारतात प्रचलित असलेल्या काही तेलांची मूल्ये आणि त्यांवरून काढलेले एक लिटरचे वजन पुढील कोष्टकात दिले आहे.

| तेल | तापमान | सापेक्ष घनता | एक लिटरचे वजन (ग्रॅम) |
|---|---|---|---|
| शेंगदाणा | २० °से. | ०.९१२–०.९२० | ९१०–९१८ |
| तीळ | २० °से. | ०.९१५–०.९२४ | ९१३–९२२ |
| मोहरी | २० °से. | ०.९१०–०.९२१ | ९०८–९१९ |
| करडई | २० °से. | ०.९२२–०.९२७ | ९२०–९२५ |
| सूर्यफूल | २० °से. | ०.९१८–०.९२३ | ९१६–९२१ |
| सोयाबीन | २० °से. | ०.९१९–०.९२५ | ९१७–९२३ |
| सरकी | २० °से. | ०.९१८–०.९२६ | ९१६–९२४ |
| मका | २० °से. | ०.९१७–०.९२५ | ९१५–९२३ |
| खोबरेल | ४० °से. | ०.९०८–०.९२१ | ९०६–९१९ |
| पाम | ५० °से. | ०.८९१–०.८९९ | ८८९–८९७ |

खोबरेल व पाम तेल यांची मूल्ये उच्च तापमानाची आहेत, कारण २० °से. तापमानाला ही तेले पूर्णपणे द्रवरूप नसतात. त्यामुळे पाम तेलाचा आकडा इतर तेलांच्या आकड्यांशी थेट ताडून पाहणे योग्य नाही.

## तापमानाचा परिणाम

तापवल्यावर तेल प्रसरण पावते. त्याचे वस्तुमान तेवढेच राहते, परंतु आकारमान वाढते आणि घनता कमी होते. तापमान एक अंशाने वाढले असता एक लिटर तेलाचे वजन सुमारे ०.७ ग्रॅमने घटते. पाण्याच्या तुलनेत तेलाचे प्रसरण बरेच अधिक असते.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली सोयाबीन तेलाचे उदाहरण देऊन हा परिणाम स्पष्ट केला होता. त्यानुसार एक लिटर तेलाचे वजन २१ °से. तापमानाला सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० °से. तापमानाला सुमारे ८९३ ग्रॅम भरते. या दोन आकड्यांवरून मधल्या तापमानांची मूल्ये पुढीलप्रमाणे काढता येतात.

| तापमान | एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन (सुमारे) |
|---|---|
| १० °से. | ९२७ ग्रॅम |
| २१ °से. | ९१९ ग्रॅम |
| ३० °से. | ९१३ ग्रॅम |
| ४५ °से. | ९०३ ग्रॅम |
| ६० °से. | ८९३ ग्रॅम |

विदर्भात हिवाळ्यातील पहाटे तापमान १० °से.च्या आसपास उतरते आणि उन्हाळ्यात दुपारी ते ४५ °से.पर्यंत चढते. १० °से. तापमानाला १५ लिटरच्या मापाने मोजलेले सोयाबीन तेल सुमारे १३.९० किलोग्रॅम भरेल, तर ४५ °से. तापमानाला त्याच मापात सुमारे १३.५४ किलोग्रॅम तेल मावेल. दोहोंत साडेतीनशे ग्रॅमहून अधिक फरक पडतो. मापात कोणतीही लबाडी नसताना केवळ हवामानामुळे हा फरक उद्भवतो. तराजूवर तोललेल्या १५ किलोग्रॅम तेलाचे वस्तुमान मात्र दोन्ही ऋतूंत सारखेच राहते. तेलाच्या बाबतीत आकारमानापेक्षा वजन हे अधिक विश्वसनीय परिमाण मानले जाते, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

प्रसरणासाठी वाव राहावा म्हणून डबे आणि बाटल्या काठोकाठ न भरता वरच्या बाजूस थोडी जागा मोकळी ठेवतात. म्हणून डबा पूर्ण भरलेला दिसत नाही, एवढ्यावरून तेल कमी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

### गोठणारी तेले

खोबरेल तेल सुमारे २४ °से. तापमानाच्या खाली गोठू लागते. थंडीत गोठलेल्या तेलाचे आकारमान आक्रसते आणि त्यात पोकळ्याही राहतात. अशा स्थितीत ते मापाने मोजल्यास हिशेब चुकतो. कोकणात व गोव्यात स्वयंपाकासाठी खोबरेल वापरले जाते. तेथेही गोठलेले तेल मोजायचे झाल्यास ते तोलणे किंवा कोमट करून पूर्ण वितळल्यावर मापाने मोजणे इष्ट ठरते. रवाळ तूप आणि वनस्पती तूप यांनाही हीच गोष्ट लागू पडते.

## रूपांतराची रीत

### गणिती रीत

लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी ०.९१ ने गुणावे. किलोग्रॅमचे लिटर करण्यासाठी ०.९१ ने भागावे.

| आकारमान | वजन | | वजन | आकारमान |
|---|---|---|---|---|
| ५ मिली (लहान चमचा) | ४.६ ग्रॅम | | १०० ग्रॅम | ११० मिली |
| १५ मिली (मोठा चमचा) | १३.७ ग्रॅम | | २५० ग्रॅम | २७५ मिली |
| १०० मिली | ९१ ग्रॅम | | ५०० ग्रॅम | ५४९ मिली |
| २५० मिली | २२८ ग्रॅम | | ८०० ग्रॅम | ८७९ मिली |
| ५०० मिली | ४५५ ग्रॅम | | १ किलोग्रॅम | १,०९९ मिली |
| १ लिटर | ९१० ग्रॅम | | ५ किलोग्रॅम | ५.४९ लिटर |
| १५ लिटर | १३.६५ किलोग्रॅम | | १५ किलोग्रॅम | १६.४८ लिटर |

तोंडी हिशेबासाठी एक सोपा नियम पुरेसा आहे. लिटरचे किलो करताना दहावा भाग वजा करावा आणि किलोचे लिटर करताना दहावा भाग मिळवावा. या नियमाने येणारे उत्तर खऱ्या उत्तरापासून एक-दोन टक्क्यांपेक्षा अधिक दूर जात नाही.

### प्रत्यक्ष मोजणी

एखाद्या विशिष्ट तेलाची सापेक्ष घनता घरातील किंवा शाळेतील साध्या काट्यावरही काढता येते. त्यासाठी अरुंद तोंडाची काचेची बाटली घेऊन तिच्या गळ्यावर खूण करावी. प्रथम कोरडी रिकामी बाटली तोलावी. नंतर खुणेपर्यंत पाणी भरून तोलावी. पाणी ओतून देऊन बाटली पूर्ण कोरडी झाल्यावर त्याच खुणेपर्यंत तेल भरून पुन्हा तोलावी. तेलाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागले असता सापेक्ष घनता मिळते.

उदाहरणार्थ, रिकामी बाटली ४५ ग्रॅम, पाण्यासह २४५ ग्रॅम आणि तेलासह २२८ ग्रॅम भरली, तर पाण्याचे वजन २०० ग्रॅम व तेलाचे १८३ ग्रॅम होते. १८३ ला २०० ने भागल्यावर ०.९१५ ही सापेक्ष घनता येते. या रीतीत बाटलीची नेमकी धारणक्षमता माहीत असण्याची गरज नसते. पाणी व तेल एकाच तापमानाचे असणे आणि तेल भरताना बुडबुडे राहू न देणे, या दोन बाबींची दक्षता घ्यावी लागते. प्रयोगशाळेत याच तत्त्वावरील सापेक्ष घनता कुपी वापरतात. द्रवात तरंगत ठेवून थेट घनता दर्शविणारे हायड्रोमीटर हे उपकरणही त्यासाठी उपलब्ध आहे.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

दशमान पद्धती रूढ होण्यापूर्वी महाराष्ट्रात वजनी आणि कैली अशी दोन प्रकारची परिमाणे प्रचलित होती. तराजूने तोलण्याच्या परिमाणांना वजनी, तर भांड्याने मापण्याच्या परिमाणांना कैली म्हणत. ‘शेर’ हे नाव दोन्ही पद्धतींत वापरले जाई. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर आणि मण ही वजनी परिमाणे होती. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर आणि पायली ही प्रामुख्याने धान्य मापण्याची कैली परिमाणे होती. वजनी शेर आणि कैली शेर परस्परांहून भिन्न होते. शिवाय शेराचे मान गावोगावी बदलत असे. त्यामुळे नुसते ‘शेरभर’ म्हटल्याने व्यवहार स्पष्ट होत नसे आणि शेर कोणता, हे ठरवून घ्यावे लागे.

ब्रिटिश काळात ८० तोळ्यांचा शेर प्रमाण मानण्यात आला. दशमान पद्धतीत त्याचे मान सुमारे ९३३ ग्रॅम होते. इतक्या वजनाच्या तेलाचे आकारमान सुमारे १,०२५ मिलिलिटर भरते. म्हणजे वजनी शेरभर तेल आणि एक लिटर तेल यांत अवघा अडीच टक्क्यांचा फरक आहे, तर किलोग्रॅम हा शेरापेक्षा सात टक्क्यांनी मोठा आहे. १९५६ च्या प्रमाणित वजने व मापे कायद्यानंतर देशात दशमान वजने व मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली.

सुट्या तेलाच्या विक्रीत दोन रीती होत्या. पहिल्या रीतीत ठरावीक धारणक्षमतेचे, लांब दांड्याचे माप डब्यात बुडवून तेल काढीत आणि नसराळ्यातून ग्राहकाच्या बाटलीत ओतीत. दुसऱ्या रीतीत ग्राहकाच्या रिकाम्या भांड्याचा तराजूवर धडा करून, म्हणजे भांड्याच्या वजनाइतका भार दुसऱ्या पारड्यात ठेवून, नंतर तेल तोलून देत. पहिली रीत जलद होती, परंतु मापाला आलेला पोचा, मापाच्या तळाशी साचलेले किटण आणि तेलाचे तापमान यांमुळे तीत फरक पडे. दुसऱ्या रीतीत वेळ अधिक लागे, मात्र मिळणाऱ्या तेलाचे वजन निश्चित असे.

## कायदेशीर तरतुदी

भारतात वजने व मापे यांचे नियमन वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ आणि वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांनुसार होते. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी राज्य शासनाची वैध मापनशास्त्र यंत्रणा करते. आवेष्टनावर निव्वळ परिमाण, किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता इत्यादी तपशील छापणे बंधनकारक आहे. निव्वळ परिमाणात पिशवी, बाटली किंवा डबा यांचे वजन धरता येत नाही.

यंत्राने भरताना होणाऱ्या किरकोळ चुकीसाठी नियमांत मर्यादा ठरवून दिलेली आहे. ५०० ते १,००० ग्रॅम किंवा मिलिलिटरच्या आवेष्टनासाठी ती १५ ग्रॅम किंवा मिलिलिटर आहे. याच्याशी तापमानाचा परिणाम ताडून पाहण्यासारखा आहे. ६० °से. तापमानाला भरलेले एक लिटर सोयाबीन तेल ३० °से.पर्यंत निवले असता त्याचे आकारमान सुमारे ९७८ मिलिलिटर उरते. ही घट सुमारे २२ मिलिलिटर असल्यामुळे मान्य मर्यादेच्या बाहेर जाते.

काही उत्पादक आवेष्टनावर आकारमानासोबत ६० °से. यांसारखे उच्च तापमान छापून तितके कमी वजन भरत असल्याचे ग्राहक व्यवहार विभागाच्या निदर्शनास आले. त्यावर विभागाने २०२२ साली खाद्यतेलाचे उत्पादक, आवेष्टक आणि आयातदार यांना निर्देश दिले. तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ परिमाण घोषित करावे आणि आकारमानासोबत छापलेले वजन प्रत्यक्ष मालाशी जुळावे, असे या निर्देशांचे स्वरूप होते. आवेष्टनांत आवश्यक त्या दुरुस्त्या करण्यासाठी जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत देण्यात आली.

पूर्वी खाद्यतेलाची आवेष्टने नियमांच्या अनुसूचीतील ठरावीक परिमाणांतच विकावी लागत. २०२१ च्या दुरुस्तीने ही अनुसूची वगळण्यात आली आणि एकक विक्रीकिंमत, म्हणजे दर ग्रॅम, किलोग्रॅम, मिलिलिटर किंवा लिटरमागील किंमत, छापण्याची तरतूद करण्यात आली. त्यानंतर बाजारात एक किलोग्रॅम किंवा एक लिटरपेक्षा किंचित कमी तेल असलेल्या पिशव्याही दिसू लागल्या. त्यांचा आकार नेहमीच्या पिशव्यांसारखाच दिसत असल्याने छापलेले निव्वळ वजन वाचणे महत्त्वाचे ठरते.

## व्यवहारातील उपयोग

### दरांची तुलना

बाजारात खाद्यतेलाचे मोठे डबे १५ किलोग्रॅम आणि १५ लिटर अशा दोन्ही परिमाणांत मिळतात. दोहोंवरील ‘१५’ हा आकडा सारखा असला, तरी १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलोग्रॅमच तेल असते. हा फरक १.३५ किलोग्रॅमचा आहे.

समजा, एका दुकानात १५ किलोग्रॅमचा डबा २,४०० रुपयांना आणि त्याच तेलाचा १५ लिटरचा डबा २,२५० रुपयांना आहे. सकृद्दर्शनी दुसरा डबा १५० रुपयांनी स्वस्त दिसतो. पहिल्या डब्याचा दर किलोमागे १६० रुपये पडतो. दुसऱ्या डब्याचा दर काढण्यासाठी २,२५० ला १३.६५ ने भागावे लागते आणि तो किलोमागे सुमारे १६५ रुपये येतो. म्हणजे स्वस्त वाटणारा डबाच प्रत्यक्षात महाग आहे. एका पिशवीवर दर लिटरमागे आणि दुसरीवर दर किलोमागे एकक विक्रीकिंमत छापलेली असेल, तर लिटरमागील किमतीला ०.९१ ने भागून मगच तुलना करावी.

### शालेय पोषण आहार

शालेय पोषण आहार योजनेत (आता प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना) प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यामागे दररोज ५ ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यामागे ७.५ ग्रॅम तेलाचे प्रमाण ठरलेले आहे. ही प्रमाणे वजनात आहेत. मापाने मोजल्यास ती अनुक्रमे सुमारे ५.५ आणि ८.२ मिलिलिटर होतात.

प्राथमिक वर्गांत २०० विद्यार्थी असलेल्या शाळेस दररोज १ किलोग्रॅम तेल लागते. महिन्यात २४ दिवस शाळा भरली, तर २४ किलोग्रॅम तेल आवश्यक असते आणि त्याचे आकारमान सुमारे २६.४ लिटर भरते. नोंदवहीत २४ किलोग्रॅम लिहून प्रत्यक्षात २४ लिटर तेल घेतल्यास ते २१.८४ किलोग्रॅमच भरते. उरलेली तूट २.१६ किलोग्रॅमची, म्हणजे सर्व मुलांच्या दोन दिवसांच्या तेलापेक्षा थोडी अधिक असते. याउलट लिटरमध्ये मिळालेले तेल तेवढेच किलोग्रॅम म्हणून जमा केले, तर महिनाअखेरीस साठ्यात नसलेले तेल नोंदवहीत शिल्लक दिसते आणि त्याचा खुलासा साठा सांभाळणाऱ्यास करावा लागतो. म्हणून आवक, खर्च आणि शिल्लक हे तीनही रकाने एकाच एककात भरणे आवश्यक ठरते.

### आहारशास्त्र

एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यानुसार १०० ग्रॅम तेलात ९०० किलोकॅलरी, तर १०० मिलिलिटर तेलात सुमारे ८१९ किलोकॅलरी ऊर्जा असते. १५ मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यातील तेलाची ऊर्जा सुमारे १२३ किलोकॅलरी भरते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने दररोज २,००० किलोकॅलरीच्या आहारासाठी सुचवलेल्या ताटात तेल व इतर स्निग्ध पदार्थ मिळून २७ ग्रॅम धरले आहेत. हे सर्व तेलाच्या रूपात घेतल्यास त्याचे आकारमान सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे होते. महिन्याचा हिशेब केल्यास माणशी ८१० ग्रॅम किंवा सुमारे ८९० मिलिलिटर तेल पुरेसे ठरते. घरात येणाऱ्या पिशव्यांच्या संख्येवरून कुटुंबाचा तेलाचा वापर पडताळून पाहताना हा आकडा उपयोगी पडतो.

### पाककृती

घरगुती स्वयंपाकात पळी, वाटी आणि चमचा ही मापे चालतात आणि त्यांत थोडा फरक पडला तरी बिघडत नाही. केक, बिस्किटे, नानकटाई यांसारख्या भट्टीच्या पदार्थांत आणि मोठ्या प्रमाणावर घातल्या जाणाऱ्या लोणच्यांत मात्र प्रमाण नेमके असावे लागते. वजनात दिलेले प्रमाण मापाने घेताना १०० ग्रॅमसाठी ११० मिलिलिटर तेल घ्यावे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामे भांडे ठेवून आकडा शून्य करणे, हे जुन्या काळच्या धडा करण्याचेच आधुनिक रूप होय.

अमेरिकी पाककृतींतील कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असतो आणि त्यात सुमारे २१५ ग्रॅम तेल मावते. तेथील बाटल्यांवर छापलेला द्रव औंस हे आकारमानाचे एकक (सुमारे २९.६ मिलिलिटर) असून औंस हे वजनाचे एकक (सुमारे २८.३ ग्रॅम) आहे. एक द्रव औंस तेलाचे वजन सुमारे २७ ग्रॅम भरते. शेराप्रमाणेच येथेही एकाच नावाची दोन परिमाणे असल्याने घोटाळा होण्याचा संभव असतो.

### घाऊक व्यापार

खाद्यतेलाचा आंतरराष्ट्रीय व्यापार टनांत, म्हणजे वजनात चालतो. जहाजातून उतरलेले तेल बंदरावरील मोठ्या टाक्यांत साठवतात. टाकीतील तेलाची पातळी व तापमान मोजतात, पातळीवरून आकारमान काढतात आणि त्या तापमानाच्या घनतेने गुणून वजन निश्चित करतात. हजारो टनांच्या साठ्यात तापमान मोजताना एका अंशाची चूक झाली, तरी काही टनांचा फरक पडू शकतो.

## प्रचलित गैरसमज

* एक लिटर म्हणजे एक किलो. ही समानता केवळ पाण्यासारख्या घनतेच्या द्रवांना लागू पडते. एक लिटर दूध सुमारे १.०३ किलोग्रॅम आणि एक लिटर मध सुमारे १.४ किलोग्रॅम भरतो. तेल मात्र सुमारे ०.९१ किलोग्रॅमच भरते.
* दाट तेल जड असते. दाटपणा हा विष्यंदितेचा, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अंतर्गत विरोधाचा गुण आहे. त्याचा घनतेशी थेट संबंध नाही. तेल पाण्यापेक्षा दाट असूनही हलके असते.
* वजनावरून तेलाची शुद्धता कळते. निरनिराळ्या तेलांच्या घनतेच्या मर्यादा परस्परांत मिसळलेल्या असल्यामुळे केवळ घनतेवरून भेसळ ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील अन्य कसोट्या आवश्यक असतात.
* फुगीर पिशवीत तेल अधिक असते. पिशवीचा फुगवटा आतील हवेमुळे आणि तापमानामुळे बदलतो. निव्वळ वजन हाच त्याबाबतीत खात्रीचा निकष होय.

## हेही पाहा

* घनता
* सापेक्ष घनता
* दशमान पद्धती
* वैध मापनशास्त्र
* तेलघाणा
* शेर (परिमाण)